नाव घेतलं की गुण जातो

फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणायची सवय डॉक्टर जितेंद्र धुरींना कधी लागलीच नाही. ते थेट विचारायचे, "रवंथ करता काय?" एकदा त्यांच्या मेव्हण्याने पुण्याहून नव्या नंबरवरून फोन केला, तर त्यालाही हाच प्रश्न. मेव्हणा म्हणाला, "आत्ताच जेवलोय, जरा बसतो निवांत, मग बघतो." हा किस्सा घरात वर्षभर पुरला. पण डॉक्टरांचं काही चुकत नव्हतं. जे जनावर रवंथ करतंय ते आज तरी मरत नाही. उरलेली चौकशी मग गाडीत बसून करता येते.

वेंगुर्ल्याहून आत, काजूच्या डोंगरांत विखुरलेल्या पाच-सहा गावांचे ते गुरांचे सरकारी डॉक्टर. डोक्यावरचे केस गेलेले आणि शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण कायम तुटलेलं, कारण ती बाही दिवसातून कितीदा तरी खांद्यापर्यंत वर जायची. हायस्कुलात दर वर्षी त्यांना बोलावत आणि कोणीतरी चुणचुणीत मूल उभं राहून विचारी, "सर, तुम्ही गुरांचे डॉक्टर का झालात?" डॉक्टर सांगत, "जनावर खोटं बोलत नाही म्हणून." टाळ्या पडत. खरं कारण असं, की माणसांच्या डॉक्टरकीला गुण कमी पडले. तेव्हा त्यांचे वडील म्हणाले होते, "माणसांचो नाय तर गुरांचो हो. निदान पेशंट उलटून बोलूचे नाय."

पण ते टाळ्यांचं उत्तरही अगदीच थाप नव्हतं. धुरींच्या घरात वडील आणि काका यांच्यामध्ये एक विहीर होती, आणि त्या विहिरीवरून भाऊबंदकी इतकी जुनी झाली होती की मूळ भांडण काय होतं ते वकिलांनाच ठाऊक. एके वर्षी दोघांनी ग्रामदेवतेसमोर शपथ घेतली, की विहीर आपलीच. शपथेला जाताना दोघांनी त्याच विहिरीच्या पाण्याने चूळ भरली होती. दोघांपैकी एक तर खोटा होता, बहुधा दोघेही. लहानगा जितू जेवण उरकून गोठ्यात जाऊन बसायचा. गाईचं पोट दुखलं तर ती लाथ मारायची, भूक लागली तर हंबरायची, आणि कंटाळा आला तर त्याच्याकडे पाठ फिरवायची. पोटात एक आणि ओठात एक, हा प्रकारच नाही. त्या मुलाला ते फार बरं वाटायचं.

आणि पुढे कॉलेजात एका अडलेल्या गाईच्या पोटात त्याने पहिल्यांदा हात घातला. वासराचं डोकं शोधत असताना त्याची बोटं कशात तरी सापडली आणि ओढली गेली. आतलं वासरू, अजून जग न बघितलेलं, त्याचं बोट चोखत होतं. म्हणजे जिवंत होतं. खांद्यापर्यंत घाणीत बुडालेला तो पोरगा मोठमोठ्याने हसायला लागला आणि प्राध्यापकांनी त्याला बाहेर काढायची धमकी दिली. त्यानंतर माणसांच्या डॉक्टरकीचं नाव त्याने कधी काढलं नाही. लोक म्हणतात, मुकी बिचारी कुणीही हाका. डॉक्टर म्हणायचे, मुकी कसली, आपण बहिरे.

त्यांच्या या सगळ्या श्रद्धेची माती झाली ती यंदाच्या काजूच्या हंगामात.

लवू राऊळाचा फोन आला तेव्हा डॉक्टर दुसऱ्या गावात लाळ-खुरकुताच्या लसी टोचत होते. लवू म्हणजे साठी उलटलेला, सरळ, थोडा घाबरट शेतकरी. घरात बायको सुशीला आणि सून सलोनी. मुलगा मंगेश गोव्यात कारखान्यात, आठवड्याला घरी येणारा.

"डॉक्टरानु, मोगरी रवंथ करना नाय," लवू म्हणाला. "तोंडातसून लाळ गळता. गिळूक जमना नाय तिका."

"बागेत सोडलेली मां?"

"व्हय."

"मगे बोंडू अडाकलो आसतलो. एकान जीभ धरा, एकान हात घालून बघा. मी उद्या येतंय."

काजूच्या दिवसांत हे ठरलेलं होतं. झाडाखाली बोंडांचा सडा पडतो, गुरं अधाशासारखी खातात आणि एखाद्या गाईच्या घशात बोंडू अडकतो. डॉक्टरांनी हे वाक्य फोनवर इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आता डोक्यात न शिरता थेट तोंडून निघायचं. सवय ही फार गोड बोलणारी चोर असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर राऊळांच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, गाडीतून उतरले आणि तिथेच थांबले. गोठ्यातून हंबरणं ऐकू येत होतं. घोगरं, फाटलेलं, मध्येच तुटणारं. घसा बसलेल्या माणसाने ओरडत राहावं तसं. तो आवाज त्यांनी नोकरीत पूर्वी ऐकला होता आणि एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नाही.

मोगरीचे मागचे पाय लटपटत होते. लाळेची तार जमिनीपर्यंत. समोर घमेल्यात पाणी, ती तोंड नेई आणि गिळता येत नाही म्हणून मान झटकी. डॉक्टर गोठ्याच्या दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "कोणी पुढे जाव नकात. शिमग्याच्या आगेमागे कुत्रो बित्रो इल्लो काय गोठ्यात?"

सुशीलाने तोंडाला पदर लावला. आला होता एक कुत्रा, बिथरलेला. लवूने काठीने हाकलला होता. गाईला चावलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"ती पिसाळलेली हा," डॉक्टर म्हणाले. "बोंडू नाय. माझी चूक झाली. मी सांगूक नको होता हात घालूक. कोणी कोणी घातलो हात?"

"मी," लवू म्हणाला.

"जीभ मी धरलेलंय," सुशीला म्हणाली.

"आनि?"

"आनि कोण नाय."

हे उत्तर जरा जास्तच लवकर आलं. डॉक्टरांनी गाईकडे पुन्हा पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हिरवा लगदा चिकटला होता. वाटलेला पाला. असला गोळा लवूला करता येत नव्हता. तो जिभेच्या मुळाशी ठेवायला कोणाचा तरी सराईत हात कोपरापर्यंत आत गेला असणार.

"औषध कोणी घातला?"

लवू अंगणातल्या तुळशीकडे बघायला लागला. सुशीला म्हणाली, "आमीच."

आता हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. वाडीवाडीत एखादी बाई, एखादा म्हातारा असतो ज्याच्या हाताला गुण असतो. तो पाला आणतो, वाटतो, देतो. त्याला पैसे द्यायचे नाहीत, उपकार मानायचे नाहीत, आणि जनावर उठून चारा खाईपर्यंत त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की गुण जातो. त्याने स्वतःच औषध दिल्याचं कबूल केलं किंवा पाल्याचं नाव सांगितलं, तर त्याच्या हातातून तो कायमचाच जातो. या विश्वासात वाईट काही नाही. उलट फुकट औषध देणाऱ्याचा बोलबाला होऊ नये म्हणून कोण्या शहाण्यानेच हा नियम घालून दिला असेल. पण त्या दुपारी त्या विश्वासाने डॉक्टरांच्या गळ्याला फास लावला.

"अरे, गाय जातली," डॉक्टर म्हणाले. "आज नाय तर उद्या. ह्या रोगाक औषध नाय, ना तुमच्याकडे, ना माझ्याकडे. पण ज्याचो हात तिच्या तोंडात गेलो त्याका सुई घेवक व्हयी. नायतर ते माणूसय असाच मरतला. पाण्याक भिवान. समाजता काय तुमका?"

"सकाळी पाणी पियाली ती," सुशीला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हनुवटी वर होती. "औषध घातल्यार दोन घोट गेले. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय."

दोन घोट गेलेही असतील. हा रोग मध्येच असे खेळ करतो. त्या दोन घोटांवर सुशीलाने सगळी आशा टांगली होती आणि आशा टांगलेल्या बाईशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्मायचा आहे. डॉक्टरांनी हात जोडले, आवाज चढवला, शेवटी शिव्याही दिल्या. जनावर तपासायला हे सगळं कधी लागलं नव्हतं. मरायला टेकलेली गाय आपला रोग आवाजातून सांगत होती आणि धडधाकट माणसं ओठ शिवून बसली होती.

लवू आणि सुशीलाला त्यांनी जवळजवळ ढकलतच गाडीत घातलं आणि आरोग्य केंद्रात नेऊन पहिली सुई टोचून घेतली. परतीच्या वाटेवर पुन्हा विचारलं. उत्तर तेच, "आमीच."

संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. "डॉक्टर, मी सलोनी, लवू राऊळांची सून." मागे रहाटाचा आवाज येत होता, विहिरीवरून बोलत होती. "खालच्या वाडीतली काशीबाई. तेणा घातल्यान हात. माझा नाव खंय घेव नकात." आणि फोन बंद झाला.

त्या पोरीला काय वाटलं असेल, सासूच्या घरात नवी असताना असं करताना, याचा विचार डॉक्टरांच्या मनात तेव्हा आला नाही. तो नंतर आला आणि मग गेला नाही.

काशीबाई! डॉक्टरांना ती वर्षानुवर्षं ठाऊक होती. व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, एकटी राहणारी, सत्तरीची, हाडकुळी बाई. त्यांची गाडी थांबवून शेळीला लस टोचून घ्यायची आणि वर म्हणायची, "सुई बारीक घी रे, ती माझ्यापेक्षा नाजूक आसा." हिच्या हाताला गुण आहे हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. म्हणजे पाच गावांनी तोंडं किती घट्ट मिटली होती बघा.

काशीबाईने त्यांना बसायला पाट दिला आणि सरळ सांगितलं, "माझो हात खंय लागाक नाय."

"काकी, तुझो हात बघूया."

तिने हात मागे घेतला. डॉक्टरांनी तो धरला, एखाद्या बुजऱ्या वासराचा पाय धरावा तसा, न ओढता पण न सोडता. मनगटाच्या वर दोन लांब ओरखडे होते. गाईच्या दाढांचे ओरखडे असेच उठतात. डॉक्टरांच्या स्वतःच्या हातांवर त्यांचे डाग होते.

"करवंदीत गेल्लंय," काशीबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. हा रोग माणसात कसा येतो, तहान लागते आणि पाणी समोर आलं की घसा कसा आवळतो, आणि एकदा सुरू झालं की जगात कोणाला काही करता येत नाही. काशीबाई ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या सासून मरताना माझो हात हातात घेतल्यान आनि गुण दिल्यान. सोन्याचो मणी देवक नव्हतो तिच्याकडे. पोर नाय माका, बाळ नाय. घोव गेलो. ह्यो हात तेवढो आसा. मी तोंडान सांगलंय की गेलो. मगे सुई घेवन जगान मी काय करू, शेळी राखू?"

डॉक्टरांना रडू फुटेल असं वाटलं. ते उठून अंगणात गेले, परत आले आणि म्हणाले, "तू काय सांगू नको. एक अक्षर बोलू नको. मी सांगतंय."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "काय झालंय आजींना?" आणि जनावर खोटं बोलत नाही म्हणून जनावरांचे डॉक्टर झालेले जितेंद्र धुरी म्हणाले, "भटका कुत्रा चावलाय, मॅडम. आमच्या रस्त्यावर. पिसाळलेला होता, मी स्वतः बघितला." काशीबाई खाली बघत राहिली. बाईंनी जखम धुतली, सुई टोचली, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवून ओरखड्याभोवती सिरमही द्यायला लावलं. जे मिळायला हवं होतं ते सगळं मिळालं. खोट्याने एवढं सरळ काम होतं हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांना आणि काकांना असावं.

मोगरी दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी तपासणीसाठी नमुना पाठवला आणि खोल खड्डा करून चुना घालून तिला पुरलं. लवू खड्ड्याच्या काठावर बसून होता.

मग सुरू झाला खरा छळ. काशीबाईच्या ओरखड्यांतून गाईची लाळ आत गेली होती. सुई लागू पडली की नाही हे फक्त दिवसच सांगणार होते. डॉक्टर काहीतरी निमित्त काढून तिच्याकडे जात आणि पाणी मागत, म्हणजे तीही थोडं पिईल. ती तांब्या तोंडाला लावी आणि हे तिचा गळा बघत. घोट खाली उतरला की यांचा जीव खाली उतरे. एकदा ती म्हणाली, "काय बघतंस मेल्या? गिळतंय मी. शेळीयेक तरी इतक्या बघ." ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी मागायला हजर झाले. बायकोशी ते चार शब्द नीट बोलत नव्हते. जेवताना घरातलं कोणी ठसकलं तरी दचकत.

आणि अशात कळलं की लवू आणि सुशीलाने पुढची सुई चुकवली.

डॉक्टर धावत गेले. अंगणात, म्हणजे ज्याला तिथे खळं म्हणतात तिथे, मंगेशची मोटरसायकल उभी होती आणि तिच्यावर सलोनीची पिशवी बांधलेली. "चार दिस म्हायेराक जाता," सुशीला म्हणाली. दोडामार्गाला माहेर होतं पोरीचं. चार दिवस म्हणजे किती, ते मंगेशच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं. विहिरीवरचा फोन शेजारणीने ऐकला होता. तेव्हापासून सलोनीला गोठ्यात पाऊल टाकू देत नव्हते. राहिलेल्या म्हशीची धार काढायची नाही, वैरण घालायची नाही. वाडीतल्या बायका आपली गुरं तिच्या वाटेवरून नेत नव्हत्या. तिला एक नावच पडलं होतं, 'नाव घेणारी'.

"तिणा एका माणसाचो जीव वाचवल्यान, सुशीलावैनी!" डॉक्टर ओरडले. "आनि तुमी दोघांनी सुई कित्याक सोडल्यात?"

"कित्याक घेवची?" सुशीला शांतपणे म्हणाली. "गाय पिसाळलेली नव्हतीच. तुमी म्हणतास पिसाळलेली. मगे काशीबायन गायसाठी सुई घेतली आसती. ती तर सांगता, तिका वाटेर कुत्रो चावलो. आनि कुत्रो कोणी बघलो? तुमीच. दवाखान्यात तुमीच सांगलास." तिने सलोनीकडे पाहिलं नाही. "गायच्या घशात बोंडूच होतो. औषध लागलेला. पाणी पियाली. हिणा नाव घेतल्यान आनि मोगरी गेली."

तिचा एकेक शब्द डॉक्टरांच्याच थापेवर उभा होता. खरं सांगावं तर काशीबाईचा हात जातो. न सांगावं तर हे दोघे सुई घेणार नाहीत, आणि त्यांचेही हात त्याच तोंडात गेले होते. तपासणीचं उत्तर यायचं होतं, पण ते येऊनही सुशीला म्हणणार, कागदच तो.

ते तसेच खालच्या वाडीत गेले. काशीबाई शेळीला पाला घालत होती.

"काकी, माझो कुत्रो आता लवूक मारतलो," डॉक्टर म्हणाले, आणि सगळं सांगितलं. सलोनीचंही. काशीबाईने मान वर केली नाही. "तू बोल असा मी म्हणना नाय," डॉक्टर म्हणाले. "माका म्हणवना नाय. पण दुसरा काय करू ता तरी सांग." तिने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

परत राऊळांच्या खळ्यात जाऊन डॉक्टर मोटरसायकलच्या आडवे उभे राहिले. एवढंच सुचलं. मंगेश म्हणाला, "डॉक्टर, वाट सोडा." ते म्हणाले, "नाय सोडणार." शेजारपाजारचे जमले. वरच्या वाडीतला दत्ताराम तेवढ्यात घाईघाईने आला आणि गर्दी बघून कडेला उभा राहिला. सलोनी रडत नव्हती. पिशवीची दोरी पुन्हापुन्हा घट्ट करत होती. पन्नाशीला आलेला सरकारी अधिकारी एका मोटरसायकलीपुढे हात पसरून उभा आहे, हे दृश्य हसण्यासारखं होतं आणि एकदोन जण हसलेही.

काशीबाई काठी टेकत बेड्यातून आत आली. ती खळ्याच्या मध्ये थांबली, दम खाल्ला आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बाही वर केली.

"सुशीले, माका कुत्रो चावाक नाय. ह्या जितग्यान थाप मारल्यान, आनि मी ती धरून बसलंय. ह्यो हात तुझ्या गायच्या तोंडात गेल्लो. घशापर्यंत. बोंडू बिंडू कायएक नव्हतो थय. दाढ लागली ती बघ, ही. सुई मी गायसाठीच घेतंय."

"गो काशीबाय..." सुशीला पुढे झाली.

"थांब. माझो पालो तिका लागाकच नव्हतो. ह्या चेडवान नाव घेतल्यान म्हणान गुण गेलो, असा म्हणतास मां सगळी? तर आता आयका." आणि तिने आवाज चढवला, व्हाळापलीकडे ऐकू जावा इतका. "दिंडो. कुड्याची साल. निगडीचो पालो."

बायकांनी कानांवर हात ठेवले. एक म्हातारी ओरडली, "गप गो, गप!" काशीबाई थांबली नाही. पाला कोणता, तो कसा वाटायचा, कशात कालवायचा, सगळं तिने भर खळ्यात सांगून टाकलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. माणूस बोलतो त्याला एवढी किंमत असू शकते, हे त्यांना आजवर कोणी दाखवलं नव्हतं.

"झाला," काशीबाई म्हणाली. "गुण मी घालवलंय. आता कोणाच्या नावार पावती फाडतल्यात? मंगेशा, तिची पिशी सोड. लवू, ऊठ. गाडीत बस. तुयय बस, सुशीले. माका एकटीक टोचून घेवचो कंटाळो इलो."

मग सुशीला वळली. मोटरसायकलपाशी गेली, दोरीची गाठ तिने स्वतःच सोडली आणि पिशवी सलोनीच्या हातात देऊन म्हणाली, "म्हशीची वेळ झाली हा. मी येयसर धार काढून ठेव." सलोनी गोठ्याकडे धावतच गेली. सुशीला डोळे पुसत गाडीत जाऊन बसली आणि लवू तिच्या मागोमाग.

गर्दी पांगली. दत्ताराम तेवढा कडेला उभा होता. त्याची म्हैस पहाटे व्याली होती, पारडामागून पडणारी वार अजून पडली नव्हती, आणि काशीबाईला न्यायला खालच्या वाडीत जाताना तो इथे गर्दी बघून थांबला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो काशीबाईकडे बघत राहिला, जिभेवर आलेलं बोलावं की नाही अशा पेचात. काशीबाईला त्याच्या नुसत्या उभं राहण्यावरून काय ते कळलं. तिचा उजवा हात सवयीने पुढे झाला आणि अर्ध्यातच थांबला.

"माझ्याकडे काय बघतंस?" ती म्हणाली. "थय बघ."

दत्तारामाने मान फिरवली. "डॉक्टरानु, येशात?"

"येतंय," डॉक्टर म्हणाले. "ह्यांका सुई देवन लगेच येतंय." ते गाडीचं दार उघडून काशीबाईसाठी थांबले. ती काठीच्या आधाराने सावकाश येत होती, आणि उजवा हात तिने पदराखाली घेतला होता.